ख्रिस्ती मंडळीच्या गीतांची निवड : ‘ख्रिस्तपुराणा’पासून ‘उपासनासंगीता’पर्यंत

१

मराठी हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं बखरी, शकावल्या, सनदा, महजर, तसेंच संतकवींचीं बाडें व हरिदासांचीं टिपणें मोठ्या कष्टानें मिळवून जतन केलीं आहेत. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळींत गाइल्या जाणाऱ्या गीतांच्या वह्या, ख्रिस्ती कीर्तनांचीं टांचणें आणि वापरून जीर्ण झालेलीं उपासनेचीं पुस्तकें यांकडे त्यांची दृष्टि क्वचितच वळली. हें साहित्य अर्वाचीन, बहुतेक छापील आणि एका लहान समाजापुरतें, अशी समजूत या उपेक्षेच्या मुळाशीं असावी. ही समजूत बरोबर नाहीं, असें आमचें मत आहे. आणि तें साधार मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मंडळीनें एकत्र मिळून गावयाचें गीत निवडतांना दोन परीक्षा होत असतात. शब्दांची परीक्षा धर्मोपदेशक करितात; तींत सिद्धान्त शुद्ध आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातें. चालीची परीक्षा मंडळी करिते. ती कोठें लिहून ठेविलेली नसते. पहिल्या परीक्षेनें गीत पुस्तकांत शिरतें. दुसरीनें तें पुस्तकाबाहेर, माणसांच्या तोंडीं, टिकून राहतें. म्हणून या निवडीचा इतिहास केवळ मुखपृष्ठें व प्रस्तावना वाचून लिहितां येणार नाहीं. गोव्यापासून अहमदनगरापर्यंत व सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत याचा पुरावा पसरलेला आहे. तो क्रमानें पाहूं.

२

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज जेज्वित पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले आणि पुढील आयुष्याचा बहुतेक भाग त्यांनीं साष्टी प्रांतांत घालविला. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. सुमारें ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ स्तोत्रसंग्रह नव्हे. देवळांत जमलेल्या लोकांपुढें सुरावर वाचावयाचें तें पुराण आहे. तथापि मंडळीच्या कानाला काय रुचेल, याचा विचार करून केलेली ही पहिली मोठी मराठी ख्रिस्ती रचना होय. म्हणून आरंभ येथूनच केला पाहिजे.

स्टीफन्स यांनीं येथें काय निवडलें व काय सोडलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. प्रश्नोत्तररूपानें धर्मतत्त्वें शिकविण्यासाठीं त्यांनीं जें पुस्तक केलें, तें कोंकणींत आहे. तें त्यांच्या पश्चात् १६२२ सालीं छापलें गेलें. कोंकणीचें त्यांचें व्याकरणहि १६४० सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे लोकांची रोजची बोली त्यांस उत्तम अवगत होती. असें असतां पुराणासाठीं मात्र त्यांनीं मराठी घेतली व छंद ओवीचा घेतला. घरांत व बाजारांत बोलावयाची भाषा कोंकणी असली, तरी पोथी वाचावयाची व ऐकावयाची भाषा त्या लोकांच्या मनांत मराठीच होती. जुनीं पुराणें तुटलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांस त्यांच्या जागीं दुसरें पुराण हवें होतें. त्यांस लॅटिन स्तोत्रांचें भाषांतर देऊन ही उणीव भरून निघाली नसती. स्टीफन्स यांनीं कथा बायबलांतील घेतली. पण ती ऐकण्याची रीत श्रोत्यांचीच राहूं दिली.

या निवडीचें फळ काय झालें, तें ग्रंथाच्या पुढील इतिहासांत दिसतें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें पोर्तुगीज सरकारचें धोरण देशी भाषांस प्रतिकूल होत गेलें, आणि १६८४ सालीं तर तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली टाकून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम निघाला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला, तो गोव्यांतील व कानड्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत त्याची आवृत्ति काढली. छापखान्यानें जें राखलें नाहीं, तें वाचणाऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या गरजेनें राखलें.

या प्रतींतील एक गोष्ट आमच्या मुद्द्याला विशेष पोषक आहे. लंडन येथील प्राच्यविद्यापीठांत, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत, या ग्रंथाची एक देवनागरी प्रत आहे. रोमन लिपींतील प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मसंज्ञा येतात, तेथें या प्रतींत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द योजिलेले आढळतात. मूळ लिपी कोणती व मूळ शब्द कोणते, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आम्हांस दिसतें तें इतकेंच, कीं एका परंपरेंतून दुसरींत जातांना शब्द बदलले, लिपी बदलली, परंतु ओवी बदलली नाहीं. नक्कल करणाऱ्यानें धर्मसंज्ञेसारख्या नाजूक जागीं फेरफार करण्याचें धाडस केलें. छंदाला हात लावण्याचें केलें नाहीं. तसें केलें असतें, तर श्रोत्यांच्या दृष्टीनें तें पुराणच उरलें नसतें.

३

ही देवनागरी प्रत १९२० नंतरच्या दशकांत अभ्यासकांच्या नजरेस आणून देणारे डॉ. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने मिशनरी आणि महीपतीच्या चरित्रग्रंथांचे इंग्रजी भाषांतरकार होत. गोव्याच्या रोमन कॅथॉलिक परंपरेचा व देशावरील प्रॉटेस्टंट परंपरेचा परस्परांशीं फारसा संबंध नव्हता; तो या एका गृहस्थाच्या हातून जुळला, हा योग अर्थपूर्ण आहे. कारण जो प्रश्न स्टीफन्स यांनीं साष्टींत सोडविला होता, तोच ॲबट यांच्या मिशनपुढें अहमदनगरास नव्यानें उभा राहिला होता. आणि पूर्वीचें उत्तर तेथें कोणास ठाऊक नव्हतें.

अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास ठाणें घातलें. स्कॉटिश मिशनरी १८२३ सालीं कोंकणांत उतरले. त्यांतील सुप्रसिद्ध डॉ. जॉन विल्सन १८२९ पासून मुंबईस होते. मंडळीनें काय गावें, याविषयीं या मंडळ्यांच्या स्वदेशींच एकवाक्यता नव्हती, हें आपल्याकडे फारसें लक्षांत घेतलें जात नाहीं. जर्मनींत ल्यूथरच्या पक्षानें १५२४ पासून नवीं स्तोत्रें रचून छापलीं. जिनीव्हाच्या कॅल्विनपंथानें मुख्यतः दाविदाचीं स्तोत्रेंच छंदोबद्ध करून गावीं, असा दंडक घातला. स्कॉटलंडनें तोच दंडक उचलला, आणि १६५० सालचें तेथील स्तोत्रपुस्तक पिढ्यान् पिढ्या चाललें. इंग्लंडांत आयझॅक वॉट्स यांनीं १७०७ सालीं स्वतंत्र गीतांचा संग्रह व १७१९ सालीं दाविदाच्या स्तोत्रांचीं ख्रिस्तपर रूपांतरें प्रसिद्ध केलीं. अमेरिकन मंडळ्यांत त्यांचा मोठा प्रसार झाला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीचा अधिकृत गीतसंग्रह निघावयास मात्र १८७० साल उजाडलें.

तात्पर्य, जे लोक येथें मराठी गीतें निवडावयास बसले, ते आपल्या घरीं हा वाद पुरा मिटवून आले नव्हते. पण एका बाबतींत सर्वांची रीत सारखी होती. सर्वांनीं पुस्तक हातीं घेऊन, एका सुरांत व एका वेळीं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गीत म्हणावयाचें, ही ती रीत. शब्द शास्त्रांतले असावेत कीं कवीचे, यावर ते भांडत. गाण्याच्या या पद्धतीविषयीं त्यांस शंकाच नव्हती. आणि मराठी मुलुखांत अडचण आली, ती नेमकी या शंका नसलेल्या जागीं.

४

ही अडचण छंदाची होती व पद्धतीचीहि होती. इंग्रजी स्तोत्रांचा सर्वसामान्य सांचा आठ, सहा, आठ, सहा अशा अवयवांच्या चार ओळींचा असतो, आणि त्यांत बहुधा प्रत्येक दुसऱ्या अवयवावर जोर येतो. इंग्रजी भाषेच्या अंगींच असा जोर असल्यामुळें तेथें तो सहज बसतो. मराठी पद्याचा विचार ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर चालतो. शब्दाच्या एका विशिष्ट अवयवावर आघात देण्याची सवय आमच्या कानाला नाहीं. विलायती चालीचा ठोका जेथें पडेल, तेथील स्वर लांबवावा लागतो, मग तो ऱ्हस्व कां असेना. अशा ठोक्याखालीं ‘दिन’ हा शब्द सांपडला, तर तो ‘दीन’ ऐकूं येतो, आणि उत्सवाचा दिवस दरिद्री होतो. ‘सुत’ सांपडला, तर तो ‘सूत’ होतो. पुत्राचा महिमा गाण्यास बसलेल्या मंडळीच्या तोंडून चरख्याचा जिन्नस निघतो. शब्दाची परीक्षा करणारा पंडित कागदावर यांत एकहि दोष दाखवूं शकणार नाहीं. दोष गातांनाच प्रकट होतो.

अभंगांत ही अडचण येत नाहीं. मोठ्या अभंगाच्या कडव्यांत सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा, इतकेंच बंधन असून, गातांना अक्षर आंखडावें किंवा लांबवावें याची मोकळीक गाणाऱ्यास असते. ज्या अक्षरावर अर्थ तोलावयाचा, त्यावर तो रेंगाळूं शकतो.

पद्धतीची अडचण याहून मोठी. पुस्तक पाहून सर्वांनीं एकदम गावें, तर सर्वांस वाचतां आलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत खेड्यांतील मंडळींत अक्षरओळख असणारे थोडे. भजनांत व कीर्तनांत ही अट नाहीं. पुढें म्हणणारा एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. ध्रुपद सर्वांचें, कडवें जाणत्याचें. ध्रुपद दोनदां ऐकलें कीं तिसऱ्यांदा निरक्षर म्हातारीहि त्यांत मिसळते. अशा मंडळीसाठीं गीत निवडावयाचें, म्हणजे प्रथम ध्रुपद पारखावयाचें. गीताचा मुख्य भाव त्या एका ओळींत उतरला असेल, तर बाकीचीं कडवीं विसरलीं तरी उपासना पुरी होते. ध्रुपद पोकळ असेल, तर सुंदर कडवींहि फुकट जातात. प्रभुभोजनाच्या वेळीं शांतपणें म्हणावयाचें गीत, नाताळांत रस्त्यानें म्हणत जावयाचें गीत आणि अंत्यविधीचें गीत यांचीं ध्रुपदें एका घाटाचीं असून भागत नाहीं, हें चांगला पाळक अनुभवानें जाणतो.

५

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अहमदनगरकडील मंडळीनें हा तिढा सोडविला, तो कीर्तनाच्या द्वारें. या कामीं कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांनीं ख्रिस्ती कथाविषय घेऊन कीर्तनें केलीं व पुष्कळ पदें रचिलीं. कीर्तन हें धर्मप्रसारासाठीं, उघड्यावर जमलेल्या मिश्र श्रोतृसमाजापुढें व्हावयाचें; प्रार्थनामंदिरांतील उपासना निराळी. परंतु कीर्तनांत ऐकलेलें पद लोकांच्या तोंडीं बसलें, कीं तें रविवारीं मंदिरांत म्हणावेंसें वाटणें स्वाभाविक होतें. अशा रीतीनें निवडीचें काम मंदिराच्या बाहेर, अंगणांत होऊं लागलें. आंतल्यांस तें मान्य करणें तेवढें उरलें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नंतर ते अहमदनगरास राहून मिशनचें काम करूं लागले. मराठी कवि म्हणून त्यांचें स्थान येथें सांगावयास नको. आपण तुकोबांच्या मार्गानें ख्रिस्ताच्या पायांशीं आलों, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें प्रसिद्ध आहे. येशूला माउली म्हणून हांक मारणारी त्यांची वाणी वारकरी परंपरेंतूनच आली. ‘उपासनासंगीत’ या नांवानें मराठी मंडळ्यांत चाललेल्या संग्रहांत जवळजवळ एक तृतीयांश गीतें त्यांचीं आहेत. एका पिढींत एका माणसाच्या रचनेनें मंडळीचें पुस्तक इतकें व्यापावें, ही गोष्ट केवळ काव्यगुणानें घडत नाहीं. येथेंहि चाल अगोदर ओळखीची होती; म्हणून शब्द लवकर आपले झाले.

तथापि उत्तम कविता आणि मंडळीचें गीत या दोन वस्तू एक नव्हेत. अभंगांतील उद्गार बहुधा एकट्या भक्ताचा असतो; उपासनेंत शेंकडों माणसें तो एकदम काढतात. विलायती संपादक अशा ठिकाणीं ‘मी’चें ‘आम्ही’ करण्याकडे वळतो. आमच्याकडे तशी गरज भासली नाहीं. कारण पंढरीच्या वाटेवर हजारों वारकरी ‘तुका म्हणे’ असें म्हणतात, तेव्हां आपण दुसऱ्याच्या नांवानें बोलतों आहों, असें त्यांतील एकासहि वाटत नाहीं. एकाचा अनुभव सर्वांनीं म्हणावा, ही मराठी सवय जुनी आहे. टिळकांचीं एकवचनी गीतें मंडळीच्या तोंडीं शोभलीं, तीं या सवयीमुळें.

याची उलट बाजूहि पाहण्याजोगी आहे. डॉ. निकल मॅकनिकल यांनीं टिळकांच्या कांहीं गीतांचीं इंग्रजी भाषांतरें केलीं, आणि त्यांपैकीं एक तरी इंग्रजी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत जाऊन बसलें. तेथें तें विलायती चालीवर गाइलें जातें. म्हणजे शब्दांचा आशय समुद्रापार गेला. चाल मागें राहिली. मराठी शब्द इंग्रजी चालीवर जसे अवघडले होते, तसा इंग्रजी शब्द अभंगाच्या चालीवर अवघडला असता. प्रत्येक मंडळीनें आपल्या कानाचें राखलें, यांत कोणाचा दोष नाहीं.

६

येथवर वाचून, देशी चाल घेतली कीं प्रश्न मिटला, असें कोणास वाटेल. प्रश्न इतका सोपा नव्हता. कीर्तन, टाळ, अभंग यांच्याबरोबर विठ्ठलाची आठवण मंदिरांत शिरेल, ही भीति मिशनऱ्यांप्रमाणें कांहीं एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसहि होती. आणि ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. चालीला स्मृति असते. ज्यानें घरदार सोडून नवा धर्म पत्करला, त्याला जुन्या सुरानें जुनें घर आठवलें, तर ती आठवण सुखाचीच असेल, असें नाहीं.

याहून खोल एक गोष्ट आहे. नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींत महार व मांग समाजांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्या परंपरेचे अभंग, त्या परंपरेच्या मुख्य देवळांत त्यांच्या वाडवडिलांस पाऊल टाकतां येत नव्हतें. पंढरपुरास चोखोबांची समाधि महाद्वाराच्या पायरीशीं, बाहेर आहे; आणि साने गुरुजींनीं उपोषण केल्यानंतर १९४७ सालीं तें देऊळ अस्पृश्यांस खुलें झालें. अशा लोकांनीं ख्रिस्ताच्या मंदिरांत बसून अभंग म्हणावा, याचे दोन अर्थ संभवतात. ज्यांनीं आम्हांस बाहेर ठेविलें, त्यांचाच सूर आम्ही कां घ्यावा, असा एक. हा सूर चोखोबांचा, म्हणून आमचाच आहे. बाहेर ठेविलें तें आम्हांस, सुरास नव्हे, असा दुसरा. विलायती चालींना चिकटून राहणाऱ्या मंडळीस केवळ अनुकरणप्रिय म्हणून हिणवणें, हें म्हणून आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्या चालींत जातीची आठवण नाहीं, अशी चाल कोणास हवीशी वाटली, तर तीहि निवडच होय; आणि तिच्यामागें दुःखाचा इतिहास आहे.

‘उपासनासंगीता’सारख्या संग्रहांत देशी पदें व विलायती चालींवरील गीतें शेजारीं शेजारीं राहिलीं. याकडे संपादकांची दुबळी तडजोड म्हणून पाहण्यापेक्षां, एकाच मंडळींत वसणाऱ्या दोन स्मृतींचा तो प्रामाणिक दाखला म्हणून पाहावें, असें आम्ही सुचवितों.

७

आतां संग्राहकांस विनंति. वर जी मंडळीची परीक्षा आम्ही म्हटली, तिचा पुरावा पुस्तकाच्या मजकुरांत थोडा व त्याच्या कडांवर फार असतो. ज्या पानाचा कोपरा बोटांनीं काळा झाला आहे, तें गीत गाइलें जात होतें. जें पान करकरीत आहे, तें छापलें गेलें, इतकेंच. पाळकानें पेन्सिलीनें केलेली खूण, गाळलेलें कडवें, ध्रुपदाखालची रेघ, बदललेला शब्द, समासांत घातलेली तारीख, ही सर्व निवडीचीं साधनें होत. त्यांतहि गीताच्या डोक्यावरील ‘चाल’ ही नोंद फार मोलाची. जुन्या पदांवर रागाचें नांव किंवा एखाद्या परिचित पदाचे आरंभींचे शब्द देण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. ज्या पदाची चाल म्हणून नोंद होते, तें पद त्या काळीं त्या गांवीं सर्वांस येत होतें, हें उघड आहे. कित्येक वेळां मूळ पद नष्ट झालेलें असतें आणि त्याचें नांव तेवढें अशा नोंदींत उरतें. म्हणजे हीं पुस्तकें केवळ ख्रिस्ती समाजाचीं नव्हेत. मराठी लोकांच्या कानावर कोणत्या काळीं काय होतें, याची तीं यादी आहेत.

म्हणून जीर्ण प्रत टाकून स्वच्छ प्रत ठेवण्याचा संग्राहकांचा जो सर्वसाधारण नियम आहे, तो येथें उलटा करावा. प्रत कोणत्या गांवच्या मंडळींतली, कोणत्या आवृत्तीची, तिच्यावर कोणत्या गीतांस खुणा आहेत व कोणतें वाद्य नोंदलें आहे, एवढें टिपून ठेविलें तरी पुढील अभ्यासकाचें निम्में काम होईल. कीर्तनकारांच्या वह्या तर एकेकच असतात. त्या बहुधा घरांतील जुन्या पेटींत पडून असतात, आणि घर बदललें कीं रद्दींत जातात.

‘ख्रिस्तपुराणा’च्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या व एकहि उरली नाहीं, खेड्यांतील लोकांनीं वाचण्यासाठीं उतरलेल्या प्रती मात्र उरल्या, आणि त्यांच्यावरून आज आपण तो ग्रंथ वाचतों. त्या प्रती जतन करणाऱ्यांनीं इतिहासाची सेवा म्हणून तें केलें नव्हतें. त्यांस तो ग्रंथ हवा होता. नगरकडील वह्यांस आज तशी गरज असणारीं माणसें विरळ होत चाललीं आहेत. त्यांची जागा संग्राहकांनीं घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.